गावच्या ग्रंथालयात भाषा शिकवायला जाताय? सुरुवात कपाटापासून करा

गावातल्या छोट्या ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून भाषा शिकवायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात शाळेचा वर्ग असतो. फळा, बाकं, हजेरी, धडा पहिला. ग्रंथालयात यातलं जवळपास काहीच नसतं, आणि तीच या जागेची ताकद आहे. इथे कुणी सक्तीने येत नाही, कुणी नापास होत नाही. सात वर्षांचं पोर आणि साठीतल्या आजी एकाच चटईवर बसू शकतात. शिवाय भिंतीला लागून पुस्तकं असतात आणि तुम्ही निघून गेलात तरी ती तिथेच राहणार असतात. म्हणून माझा आग्रह एकच आहे: तुमचा प्रत्येक तास पुस्तकांच्या कपाटापाशी संपला पाहिजे आणि शिकणारा काहीतरी वाचायला घेऊन घरी गेला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: जाण्याआधी खोदून विचारा

‘भाषा शिकवायची आहे’ एवढ्यावर होकार देऊ नका. या एका नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात. कुठे लोकांना दुसरी भाषा हवी असते: राज्यकारभाराची, बाजारपेठेची किंवा परदेशातली. कुठे मोठ्या माणसांना घरची भाषा उत्तम बोलता येते, पण वाचता-लिहिता येत नाही. आणि कुठे गावाची स्वतःची भाषाच मुलांच्या तोंडून नाहीशी होत चाललेली असते. तिन्हींची तयारी वेगळी. तिसऱ्या कामात तर शिक्षक तुम्ही नव्हेच. तिथे शिकवतील गावातली जुनी माणसं. तुम्ही त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, लिहून काढा, त्याच्या पुस्तिका बांधा.

मग विचारा, ही मागणी कुणाची आहे? पालकांची, ग्रंथपालांची की बाहेरच्या एखाद्या संस्थेची? ग्रंथालयाची चावी कुणाकडे असते? संध्याकाळी उजेड असतो का? शौचालय आहे का? (मुली आणि बायका तासाला थांबतील की नाही, हे अनेकदा यावरच ठरतं.) आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पुस्तकं घरी नेऊ देतात का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमचं पहिलं काम शिकवणं नाही, हा नियम सैल करून घेणं आहे.

किमान दोन-तीन महिने देता येत नसतील तर वर्ग सुरू करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा दिवसांत मुलांना लळा लागतो, वाचायची सवय लागत नाही. थोडा वेळ असेल तर पुस्तकांची यादी करा, फाटकी पुस्तकं सांधा, मोठ्याने गोष्टी वाचून दाखवा. हे काम कमी दर्जाचं नाही.

परदेशात जाणार असाल तर व्हिसा तपासा. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर विनामोबदला कामही चालत नाही. मध्यस्थ संस्था तुमच्याकडूनच शुल्क घेत असेल, तर त्यातले किती पैसे त्या ग्रंथालयापर्यंत पोचतात हे लेखी विचारा.

मुलांसोबत काम करण्याचे नियम पहिल्या दिवसापासून पाळा, कुणी सांगो वा न सांगो. एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं, आणखी एक मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत, काढले तरी कुठे टाकायचे नाहीत. ओळखपत्र आणि चारित्र्य पडताळणीची कागदपत्रं मागितली नसली तरी सोबत ठेवा.

पायरी २: पहिला आठवडा शिकवू नका

हा आठवडा ग्रंथपालांच्या शेजारी बसून काढा. देवघेवीची नोंदवही मागून घ्या आणि सावकाश चाळा. कुठली पुस्तकं पुन्हा पुन्हा बाहेर जातात? कुठल्या पुस्तकांच्या पानांचे कोपरे मळलेत? कुठलं कपाट वर्षानुवर्षं उघडलेलंच नाही? गावाला काय वाचायला आवडतं हे त्या वहीत लिहिलेलं असतं, आणि तुमच्या पाठांचे विषय तिथूनच निघायला हवेत.

कपाटाला कुलूप दिसलं म्हणून ग्रंथपालांवर रागावू नका. दाखलनोंद रजिस्टरमधलं (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद असते त्या वहीतलं) प्रत्येक पुस्तक त्यांच्या जबाबदारीवर असतं आणि हरवलं की जाब त्यांनाच द्यावा लागतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलंच सांगतं की पुस्तकं वापरासाठी आहेत. पण हे वाक्य ऐकवून कुलूप निघत नाही. त्यापेक्षा ग्रंथालयाच्या समितीशी बोलून एक खोकं ‘मोकळं’ करून घ्या: त्यात पातळ, स्वस्त, चित्रांची पुस्तकं ठेवायची आणि त्यांतली काही हरवणार, फाटणार हे आधीच मान्य करायचं. तसा ठराव समितीच्या वहीत लिहून घेतला की ग्रंथपालांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. पुढे तेच उरलेली कपाटं उघडायला लागतात.

खोलीतही छोटे बदल करा. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं अशी लावा की मुखपृष्ठ समोर येईल. नवशिका वाचक पुस्तकाचा कणा वाचून पुस्तक निवडत नाही, चित्र बघून हात पुढे करतो.

याच आठवड्यात दोन भेटी घ्या. एक शाळेतल्या शिक्षकांची. तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करायला आलेला नाहीत, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. शाळेत सध्या काय चाललंय, तेही विचारून घ्या. दुसरी भेट गावातल्या एखाद्या बोलक्या माणसाची. गावची बोली येत नसेल तर रोज थोडा वेळ तिचे धडे घ्या, तेही ग्रंथालयाच्या ओट्यावर, चारचौघांदेखत. तुम्ही अडखळता, चुकता आणि तरी पुन्हा बोलता, हे लोकांनी पाहिलेलं असलं की तुमच्या वर्गात त्यांची जीभ लवकर सैल होते. आणि सगळ्यांची नावं त्यांच्या उच्चाराप्रमाणे घ्यायला शिका.

पायरी ३: वेळ आणि गट

वेळ तुम्ही ठरवू नका. पाणी भरणं, जनावरं, शेतातली घाई, शाळा, स्वयंपाक या सगळ्यांतून कोणता तास उरतो ते लोकच सांगतील. एक मुलांचा गट, एक मोठ्यांचा. सुरुवातीला याहून जास्त नको. तान्हं मूल घेऊन येणाऱ्या बाईला परत पाठवू नका, एक कोपरा त्या मुलांसाठी ठेवा.

प्रवेश परीक्षा नको. प्रत्येकासोबत पाच मिनिटं बसा, समोर सोपं, मध्यम आणि अवघड अशी तीन पुस्तकं ठेवा आणि त्यांना हवं ते उघडू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. एका पानावर हाताची पाचही बोटं मुडपली गेली तर ते पुस्तक आज नको. २००० साली हू आणि पॉल नेशन या भाषासंशोधकांनी केलेल्या अभ्यासात, मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात असं दिसलं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. स्वयंसेवक सहसा उलट करतात, ‘प्रगती व्हावी’ म्हणून अवघड पुस्तक हातात देतात.

पायरी ४: पहिला तास

दुसरी भाषा शिकवायची असेल तर पहिल्या तासात कुणालाही बोलायला लावू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात पुढे आणलेली रीत इथे फार कामाला येते: ऐकायचं आणि अंगाने उत्तर द्यायचं. खोलीत जे आहे तेवढंच घ्या: पुस्तक, वही, दार, खिडकी, खुर्ची. शिकवायच्या भाषेत म्हणा, ‘उठा’, आणि स्वतः उठा. ‘बसा’, आणि बसा. पाच-सहा वेळा झालं की आज्ञा द्या, पण स्वतः हलू नका. मग वाढवत न्या: ‘पुस्तक घ्या.’ ‘पुस्तक खिडकीत ठेवा.’ ‘पुस्तक डोक्यावर ठेवा आणि दारापर्यंत चाला.’ या शेवटच्या आज्ञेला हशा पिकतो आणि लाजरी माणसंही उठतात. कुणी आपणहून ‘मी सांगू?’ म्हटलं तर लगेच जागा द्या आणि त्यांची आज्ञा तुम्ही पाळा.

त्यानंतर एक चित्रांचं पुस्तक मोठ्याने वाचा. पुस्तक छातीशी धरून, पानं सगळ्यांना दिसतील असं. आधी पूर्ण गोष्ट, मध्ये न थांबता. दुसऱ्यांदा वाचताना चित्रावर बोट ठेवत, ठरावीक ओळीपाशी थांबत. ती ओळ मुलं आपोआप पूर्ण करू लागतात.

शेवटची दहा मिनिटं दोरीवरच्या पुस्तकांची. प्रत्येकाने एक निवडायचं, देवघेव वहीत स्वतःचं नाव टाकायचं, किंवा अंगठ्याऐवजी निदान पहिलं अक्षर. मग पुस्तक घरी.

मोठ्याने वाचणं म्हणजे वेळ घालवणं, असं पालकांना वाटू शकतं. त्यांना फिजीची गोष्ट सांगा. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी तिथल्या ग्रामीण शाळांमध्ये वर्गागणिक गोष्टींची सुमारे २५० सचित्र इंग्रजी पुस्तकं दिली. मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी बोलली जायची. काही वर्गांत शिक्षक मुलांसोबत मोठ्याने वाचायचे, काही वर्गांत मुलं स्वतः मनातल्या मनात वाचायची. नेहमीच्या पाठ्यक्रमाने शिकणाऱ्यांच्या तुलनेत, वाचनात या मुलांची प्रगती जवळपास दुप्पट वेगाने झाली. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि गावच्या ग्रंथालयाच्या बाजूने बोलणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिका. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मनात सावकाश एक, दोन, तीन मोजा. अनोळखी भाषेत तर पाचपर्यंत.

पायरी ५: शिकणाऱ्यांचं पुस्तक तयार करा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी छापील वाचनमालेऐवजी प्रत्येक मुलाला त्याचा हवा तो शब्द विचारला आणि कार्डावर लिहून दिला. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरी यांनी १९६३ साली अँजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना साधारण ४० तासांत वाचायला शिकवलं. तेही आधी लोकांच्या रोजच्या जगण्यातले शब्द गोळा करून, त्यांवर चर्चा करून. ‘तिजोलो’, म्हणजे वीट, या एका शब्दाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची बाराखडी मांडायची: ता-ते-ती-तो-तू, मग जा-जे, मग ला-ले. त्यांतून लोक स्वतःच नवे शब्द जुळवत. बाराखडीवर वाढलेल्या आपल्याला ही रीत लगेच हाताशी येईल. फरक इतकाच की इथे अक्षरांच्या आधी माणसाचं बोलणं येतं.

प्रत्यक्षात असं करा. एका शिकणाऱ्याला विचारा, काल काय झालं? समजा एक बाई सांगतात: ‘शेळी रात्री व्याली. दोन करडं झाली. एक काळं, एक पांढरं. काळं उठेचना. मी त्याला पदरात घेतलं.’ त्यांच्यासमोर, मोठ्या अक्षरांत, जसं बोलल्या तसंच लिहा, एका ओळीवर एक वाक्य. लिहिताना प्रत्येक शब्द म्हणा. मग बोट फिरवत दोघांनी मिळून वाचा, मग त्यांनी एकटीने. त्या आठवणीने म्हणतील, अक्षरं बघून नाही. तरी चालेल, आजचं काम तेवढंच आहे. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं पट्ट्यांवर लिहून, पट्ट्या कापून, मिसळून द्या आणि क्रमाने लावायला सांगा. आता ‘काळं उठेचना’ कुठे आहे, हे शोधायला अक्षरं बघावीच लागतात. तिसऱ्या दिवशी शब्द कापा. मग त्यांनी स्वतः उतरवून काढायचं.

साक्षरतेचं काम असेल तर बोलीतली रूपं ‘शुद्ध’ करू नका. माणसाचं पहिलं वाक्य खोडलं तर पुढचं वाक्य येत नाही. दुसरी भाषा शिकवत असाल तर डाव्या पानावर त्यांचे शब्द, उजव्या पानावर त्याच गोष्टीची सोपी वाक्यं, दोन्ही त्यांच्या नावाने.

चार-पाच पानं झाली की दोऱ्याने शिवा, जाड कागदाचं मुखपृष्ठ घाला, आणि ग्रंथपालांना विनंती करा की या पुस्तिकेला इतर पुस्तकांसारखाच दाखलक्रमांक द्यावा. ती दोरीवर लागते आणि शेजारीण ती घरी घेऊन जाते. यासारखी ओढ दुसऱ्या कशानेही निर्माण होत नाही. दुःखाचं, घरातल्या भांडणाचं काही कुणी सांगितलं तर ऐका, पण कपाटात लावण्याआधी पुन्हा विचारा. ‘नको’ म्हणाल्या तर ती पुस्तिका त्यांच्याच घरी राहील.

पुस्तकं खरोखरच कमी असतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ आणि ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ या संकेतस्थळांवर अनेक भाषांतल्या चित्रकथा खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. छापायला, भाषांतर करायला परवानगी आहे. गावात नेटवर्क नसेल तर निघण्याआधीच डाउनलोड करून, छापून न्या. किविक्स नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून विकिपीडियाही इंटरनेटशिवाय वाचता येतो.

पायरी ६: आठवड्याची घडी

नेशन यांचीच एक विभागणी मी नवख्यांना नेहमी सुचवते. वेळेचे चार सारखे भाग करायचे: ऐकणं-वाचणं, बोलणं-लिहिणं, भाषेकडे मुद्दाम लक्ष देणं (शब्द, उच्चार, व्याकरण), आणि जे येतंय तेच सहज, वेगाने करणं. म्हणजे व्याकरणाला पाव वेळेहूनही कमी. शेवटचा भाग सगळेच विसरतात. ओळखीची गोष्ट पुन्हा वाचणं, तीच हकीकत तीन वेगवेगळ्या जणांना सांगणं, याला स्वतंत्र वेळ ठेवा.

शब्द पक्के करायला लाइटनरची पेटी पुरते: एका खोक्यात पाच कप्पे आणि कागदाची कार्डं. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे वाढत्या अंतराने.

बोलण्यातली चूक मध्येच तोडून दुरुस्त करू नका. ‘मी काल बाजारात जातो’ असं कुणी म्हणालं तर ‘अच्छा, काल बाजारात गेलात? काय आणलंत?’ असं विचारत योग्य रूप त्यांच्या कानावर घाला आणि गप्पा चालू ठेवा.

पायरी ७: नेहमी येणाऱ्या अडचणी

हजेरी घसरेल. त्यात तुमचा दोष आहे असं धरून चालू नका. आधी शेतीचा हंगाम बघा, परीक्षा बघा. न येणाऱ्याला पुस्तकं मिळत राहिली पाहिजेत, कुणाच्या तरी हाती पाठवा.

एक हुशार मूल सगळी उत्तरं देऊन टाकेल. त्याला गप्प बसवण्यापेक्षा दोन लहान मुलांना वाचून दाखवायचं काम द्या.

एखादं मूल महिनाभरात काहीच शिकत नसेल, तर काहीही ठरवण्याआधी त्याची नजर आणि कान तपासून घ्यायला सांगा. त्याला पुढे, उजेडात बसवून बघा. अक्षरं सतत उलटसुलट होत असतील तर शाळेतल्या शिक्षकांशी आणि पालकांशी बोला, स्वतः निदान करू नका.

मोठ्या माणसांना मुलांसमोर वाचायची लाज वाटते. त्यांचा गट वेगळ्या वेळी ठेवा, आणि त्यांना ‘नातवाला वाचून दाखवायचं पुस्तक’ म्हणून चित्रकथा द्या. मग हातातल्या बालपुस्तकाचा संकोच राहत नाही.

पायरी ८: निघण्याची तयारी मधल्यापासून

मुक्कामाचा अर्धा काळ संपला की गावातलीच दोन माणसं शोधा. एक नको, कारण एकाचं लग्न ठरतं, नोकरी लागते, घरी आजारपण येतं. फार शिकलेलं माणूस लागत नाही. ज्याला मोठ्याने वाचायला आवडतं आणि ज्याच्याभोवती मुलं जमतात, असं माणूस बघा. आधी त्यांनी तुमचा तास बघायचा. मग गोष्ट त्यांची, बाकीचं तुमचं. मग पूर्ण तास त्यांचा आणि तुम्ही मागे चटईवर. शेवटचे दोन आठवडे तुम्ही शिकवू नका. त्यांना अडलं तर तास संपल्यावर बोला, लोकांसमोर नाही.

ग्रंथालयात एक जाड वही ठेवून जा. त्यात प्रत्येक शिकणाऱ्याचं एक पान: सध्या कोणतं पुस्तक घरी आहे, कोणत्या अक्षरांशी अडतं, कशावर बोलायला आवडतं. मागच्या पानांवर चाललेल्या खेळांची आणि गोष्टींची यादी, आणि मोकळ्या खोक्यात नवी पुस्तकं कुठून आणायची त्याची माहिती. कुणाच्या घरची खासगी गोष्ट या वहीत लिहू नका, ती सगळे उघडतात. पुढचा स्वयंसेवक येणार असेल तर ही वही पहिल्याच दिवशी त्याच्या हाती पडेल, अशी सोय ग्रंथपालांकडे करून ठेवा.